राजश्रीची घिया

शिरूरच्या एसटी डेपोत चौतीस वर्षं गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेल्या मच्छिंद्र सोनवण्यांची मुलगी राजश्री बेचाळिसाव्या वर्षी पहिली गाडी घेणार हे कळलं, तेव्हा सगळ्यांनी तिला सल्ले दिले. पांढरी घे, विकताना बरी जाते. सीएनजी घे. ड्रायव्हिंग येत असलं तरी सेन्सरवाली घे. राजश्री सगळ्यांचं ऐकून घ्यायची, मान हलवायची. मग एका रविवारी तिनं जी गाडी दारात आणून उभी केली, ती ट्रॅक्टरला बांधून ओढत आणलेली होती.

राजश्री रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणीचं काम करायची. मोटरसायकलचे सिलिंडर तिथं ओतून निघायचे. सिलिंडरभोवती पातळ पात्यांची चळत असते, तिला कारखान्यात फिन म्हणतात. त्या पात्यांमधून वारा जातो आणि इंजिन थंड राहतं. एखादं पातं जाड झालं, दोन पात्यांमधली फट बुजली, की तो नग बाजूला काढायचा आणि का काढला ते कागदावर लिहायचं. पंधरा वर्षं तिनं हेच केलं होतं. तिचं लग्न झालं होतं आणि तीन वर्षांत मोडलं होतं. का मोडलं, ते ज्याला त्याला आपापल्या परीनं ठाऊक होतं. तिला मात्र कुणी विचारलं नव्हतं. आई ललिता चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात ती आणि तिचे वडील, आण्णा, दोघंच.

गाडीची खबर दिली सत्यजीतनं. तो कारखान्यात माल पाठवण्याच्या विभागात होता, गाव दौंड तालुक्यातलं भांडगाव. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो म्हणाला, "मॅडम, आमच्या आबांची एक जुनी जर्मन गाडी हाय. पाणीच लागत न्हाई तिला, वाऱ्यावर चालती. तुमच्या सिलिंडरसारखंच इंजिन. पुढच्या आठवड्यात भंगारवाला येणार हाय."

राजश्री आण्णांना घेऊन भांडगावला गेली. रिकाम्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गाडी होती. दोन दारांची, बुटकी, नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत. कुठं सरळ रेघ म्हणून नाही. रंग पिकल्या लिंबाचा असावा, आता त्यावर कोंबड्यांच्या खाद्याची धूळ बसली होती. सत्यजीतचे वडील पोपटराव, साखर कारखान्यात इंजिनिअर म्हणून आयुष्य काढलेले, ऐंशीच्या घरातले. त्यांनी अठ्ठ्याहत्तर साली पुण्यातल्या एका जर्मन साहेबाकडून ती घेतली होती.

"नाव काय म्हणलात हिचं?" आण्णांनी विचारलं.

"घिया," पोपटराव म्हणाले. "कारमन घिया."

"घ्या काय? आधी बघू तर द्या."

पोपटराव मोठ्यानं हसले आणि तिथून बोलणं सोपं झालं. तोवर आण्णा शेडच्या दाराशी उभेच होते. अशा मोठ्या बागायतदाराच्या दारात आपणहून खुर्चीवर बसायचं नाही ही त्यांची जुनी सवय. पोपटरावांनी स्वतः खुर्ची पुढं सरकवली तेव्हा ते बसले, तेही कडेवर.

राजश्रीनं पिशवीतून लोहचुंबक काढलं. दाराच्या खालच्या कडेला, चाकांच्या वर, दिव्यांच्या भोवती ते लावत गेली. जिथं चिकटत नव्हतं तिथं रंगाखाली लांबीचा, म्हणजे पत्रा भरायच्या पुट्टीचा, थर होता. असं दोनच जागी निघालं. मग ती पाठीवर झोपून गाडीखाली सरकली आणि फरशीचा पत्रा बोटांनी ठोकून पाहिला. मागचं झाकण उघडून इंजिनाची पुली पुढं-मागं ओढली, ती नावालाच हलत होती. शेवटी पेटीतले कागद मागून घेतले आणि सांगाड्यावरचा नंबर आकडा-आकडा जुळवला. पोपटराव कौतुकानं बघत होते.

"आता मी बी एक सांगतो," ते म्हणाले. "ही गाडी पंचवीस-तीस किलोमीटर चालती. मग तापून थांबती. तासाभरानं परत चालू. चाळीस वर्षं झाली, कारण सापडलं न्हाई. मी दसऱ्याला हार घालून देवळापर्यंत नेतो आन् आणतो, तेवढंच. मुंबईचे दोघं येऊन गेले, त्यांना बंगल्याम्होरं शोभेला पाहिजे व्हती. न्हाई दिली."

परतताना आण्णा एसटीत म्हणाले, "राजू, गाडी घ्यायची जायला-यायला. ही तर अर्ध्यात सोडती."

"अर्ध्यात का सोडते ते बघू की."

आण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. पोरीचा आवाज असा लागला की पुढं बोलण्यात अर्थ नसतो, हे त्यांना तिच्या शाळेपासून माहीत होतं.

नव्या छोट्या गाडीपेक्षा थोड्या कमी किमतीत व्यवहार झाला. पुढचे चार रविवार ती भांडगावच्या शेडमध्ये राबली. पेट्रोलची टाकी उतरवून धुतली, ब्रेकचे सिलिंडर नवे टाकले, टायर बदलले, कडक झालेल्या रबरी नळ्या काढून फेकल्या. इंजिन दुसऱ्याच किल्लीला सुरू झालं. त्याचा आवाज गिरणीसारखा होता, तडतड आणि खालून एक घरघर. आण्णांना तो आवडला.

भांडगावहून चौफुला, तिथून पारगावचा भीमेवरचा पूल आणि न्हावऱ्यावरून शिरूर. पुलापर्यंत राजश्री एका हातानं स्टिअरिंग धरून गाणं गुणगुणत होती. पूल ओलांडल्यावर गाडी चढाला ओढेना. तेलाचा लाल दिवा लुकलुकला. न्हावरं दिसायला लागलं आणि इंजिन बंद पडलं. बाभळीखाली गाडी ढकलून तिनं आणि आण्णांनी मागचं झाकण उघडलं, तर आतून भट्टीसारखी झळ आली. ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टरवाले थांबले. एकानं पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवायला सांगितलं, दुसऱ्यानं झाकणात काठी अडकवून ते कायम उघडं ठेवायला सांगितलं. दोन्ही करून झालं. गाडी आणखी सहा किलोमीटर गेली आणि पुन्हा थांबली. शेवटी दोर बांधून ट्रॅक्टरनं ती शिरूरला पोचवली.

त्या दिवसापासून राजश्रीनं वही सुरू केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, न्हावऱ्याला जाऊन परत यायचं, काय झालं ते लिहायचं. पंपाला फडकं बांधलं, गाडी थांबली. म्हणजे पेट्रोल आटत नव्हतं. ठिणगीची कॉइल नवी टाकली, थांबली. ठिणगी पडण्याचं टायमिंग दिव्यावर तपासलं, बरोबर होतं. व्हॉल्व्हच्या फटी मोजल्या, बरोबर. आतून कुठं तडा असेल म्हणून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजलं, तर चारही सारखे आणि भरीव. वहीची चौदा पानं भरली. रोग सापडत नव्हता, पण कुठले रोग नाहीत ते एकेक करून कळत होतं, आणि राजश्रीला तेवढ्यावरही शांत झोप लागायची. गल्लीतले लोक मात्र आता आण्णांना विचारायला लागले होते, "काय मामा, आज कुठवर गेली?"

"पाणी न्हाई तिथं माझी अक्कल चालत न्हाई," आण्णा एकदा पाना पुसत म्हणाले. "पण डेपोत एक नियम व्हता. गाडी रोज तीच खोड काढाय लागली का आधी डायव्हरला इचारायचं. खोड कवापासनं, त्याच्या आधी काय झालतं. आपण पोपटरावांना हे इचारलंच न्हाई."

म्हणून दोघं पुन्हा भांडगावला गेले, एसटीनं. पोपटरावांनी ओसरीवर बसवून घेतलं. चहा आला. राजश्रीनं वही उघडली आणि विचारलं, "आबा, ही खोड नेमकी कधी लागली?"

"ते साऱ्या गावाला म्हाईत हाय," पोपटराव हसले. "आमच्या कारभारणीचा पराक्रम. पाडव्याला गाडी धुवायला म्हणून हिनं इंजिनावर पाण्याची नळी धरली. तापलेल्या लोखंडावर गार पाणी. आतनं तडकलं असंल कुठंतरी. तवापासनं ही अशीच."

सत्यजीतही हसला. घरातली ही गोष्ट त्यानं लहानपणापासून ऐकली होती. पाहुणे आले, गाडीचा विषय निघाला की ती सांगितली जायची. सारजाबाई, पोपटरावांच्या पत्नी, उंबऱ्याशी भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. फक्त शेंगा फोडण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

राजश्रीच्या मनात कॉम्प्रेशनचे चार आकडे आले. तडा नव्हता. म्हणजे पाण्यानं काही झालेलं नव्हतं. ती कप ठेवायच्या निमित्तानं आत गेली. सारजाबाई मागोमाग आल्या.

"मावशी," राजश्रीनं हळूच विचारलं, "तुम्ही गाडी धुतली, त्याच्या आधी ती नीट चालत होती?"

सारजाबाईंनी पदरानं हात पुसले.

"हे मला कवा कुणी इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या. "मी धुतली तवा आमचा थोरला, रविराज, रांगत व्हता. आन् गाडी पहिल्यांदा बंद पडली तवा तो माझ्या पोटात व्हता. सातवा महिना. येमाईच्या कवठ्याला माझं माहेर. बाळंतपणाला निघालो व्हतो. न्हावऱ्याच्या अलीकडं थांबली. उन्हात मी चालत गेले स्टँडपर्यंत, हे गाडीपाशी थांबले. आता तूच सांग, आधी काय झालं आन् मागनं काय झालं."

"मग त्याच्या आधी काही झालं होतं गाडीला?"

"त्याच्या आदल्या दिवाळीत ह्यांनी इंजिन खाली घेतलं. आपल्या हातानं. परत बसवल्यावर चार पत्रे उरले, आन् रबराची लांब पट्टी. मी म्हणलं, उरले कसे? म्हणले, ह्याला काय काम न्हाई, हात घालाय अडचण होती नुसती." त्या थोडं थांबल्या. "एक पत्रा मी न्हाणीतल्या चुलीला आडोसा केला. अजून हाय."

न्हाणीत पाणी तापवायच्या चुलीमागं तो पत्रा उभा होता, धुरानं काळा कुळकुळीत. राजश्रीनं तो उजेडात आणला आणि बोटानं काजळी पुसली. एका कडेला अर्धचंद्रासारखी खाच, दुसऱ्या कडेला रबर बसवायची खोबण, चार स्क्रूची भोकं. असला पत्रा कुणी उगाच घडवत नाही, हे ओळखायला तिला जर्मनीला जायची गरज नव्हती.

"मी नेऊ का हा?"

"ने की. आडोशाला दुसरं कायतरी लावीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजश्रीनं अंगणात गाडी सुरू करून अर्धा तास तशीच चालू ठेवली. मग घरात गेली. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींपुढं, आईच्या फोटोशेजारी अगरबत्तीचा पुडा असायचा. त्यातल्या पाच काड्या एकत्र पेटवून ती इंजिनामागं बसली. पत्रे नव्हते तिथं इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट होती. सायलेन्सरच्या गरम नळीशेजारी, फटीच्या खाली, तिनं काड्या धरल्या. इंजिनातला तापलेला वारा खाली सोडला जातो, त्याच्याबरोबर धूरही खाली किंवा बाजूला जायला हवा होता. तो सरळ फटीतून वर चढला आणि इंजिनावरच्या पंख्यात नाहीसा झाला.

"आण्णा, हे बघा."

आण्णा गुडघ्यावर हात ठेवून वाकले. तिनं काड्या दुसऱ्या बाजूला धरल्या. तिथंही तेच. कारखान्यातून आणलेलं तापमान मोजायचं यंत्र तिनं पंख्याच्या तोंडाशी धरलं. अंगणात चौतीस अंश होते, पंखा ओढत होता तो वारा अडुसष्ट अंशांचा.

"म्हंजी खाली सोडलेला तापलेला वारा हीच परत वरनं ओढती," आण्णा सावकाश म्हणाले. "गोधडीत तोंड घालून झोपावं तसं. पंचवीस किलोमीटर दम धरती, मग घुसमटती."

"आणि झाकण उघडून उपयोग नव्हता. वारा वरून कमी पडत नव्हता, खालून येत होता."

बाजारपेठेत म्हाळू कूलरवाला पत्र्याचे कूलर बनवायचा. राजश्रीनं गाडीखाली झोपून पुठ्ठ्याचे नमुने कापले, घासून साफ केलेला एक अस्सल पत्रा बरोबर नेला. म्हाळूनं तो उलटसुलट करून बघितला, "लई दिवसांनी चांगलं काम बघतोय" म्हणाला आणि उरलेले तीन हुबेहूब वळवून दिले. रबराचं आण्णांनी बघितलं. डेपोजवळच्या जुन्या मालाच्या दुकानातून एसटीच्या खिडकीची रबरी पट्टी आणली आणि ब्लेडनं उभी चिरून खोबणीत बसेल अशी केली. सगळं बसवायला दोन रविवार लागले. दोघांचीही बोटं कापली.

मग ते न्हावऱ्याला गेले. तिथून परत फिरायचं ठरलं होतं, पण राजश्री पुढंच गेली. आण्णा किलोमीटरचे दगड बघत होते. तीस झाले, गाडी चालतच होती. पारगावचा पूल ओलांडला, चौफुला आला. टपरीवर चहा घेतला तो गाडी चालू ठेवूनच, कारण बंद करायचं धाडस दोघांनाही झालं नाही. घरी आल्यावर राजश्रीनं इंजिनातलं तेल मोजायची पट्टी काढून बोटांच्या चिमटीत धरून बघितली. ती चटका बसेल इतकी गरम नव्हती.

वहीत तिनं शेवटची नोंद केली, पण 'कारण' असं लिहून पुढं हात थांबला.

"आबांना सांगायला पाहिजे," ती रात्री जेवताना म्हणाली.

आण्णांनी घास खाली ठेवला. "गाडी नीट झाली एवढं सांग. पुरं. ऐंशी वर्षांचा माणूस, मोठं घर. आपण त्यांच्या दारात जाऊन त्यांची चूक दाखवायची? तुला म्हाईत न्हाई, मी बघितलंय असलं. चांगलं बोलणारी माणसं बी एका दिवसात तोंड फिरवत्यात."

"फिरवू देत. पण मावशींचं काय?"

आण्णांनी घास पुन्हा उचलला. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे राजश्रीला कळत होतं. ती दोन आठवडे थांबली. कामावर नग तपासताना, बाजूला काढताना, कारणाच्या रकान्यात लिहिताना तिला सारजाबाईंचं ते वाक्य आठवायचं. हे मला कवा कुणी इचारलं न्हाई. आपल्या लग्नाविषयी गावभर काय बोललं गेलं तेही आठवायचं. तिसऱ्या रविवारी ती एकटीच घिया घेऊन भांडगावला गेली. आण्णा आले नाहीत, पण निघताना त्यांनी काच पुसून दिली.

ओसरीवर पोपटराव, सत्यजीत आणि पुण्याहून आलेला थोरला रविराज होते. गाडी दारात येऊन थांबलेली बघून पोपटराव उठले. राजश्रीनं कसं बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं. पण पोपटराव सरळ मागं गेले आणि त्यांनी झाकण उघडलं. वाकून बघितलं. नव्या पत्र्यांवरून बोट फिरवत ते एका पत्र्यापाशी थांबले. तीन कोरे होते, चौथ्यावर घासूनही न गेलेला काळा डाग होता.

"हा न्हाणीतला," ते म्हणाले.

"हो."

"खालचा तापलेला वारा वर येत व्हता."

"हो, आबा."

त्यांनी झाकण हळू लावलं. मग सरळ झाले. "आयुष्यभर बॉयलर सांभाळले मी. भट्टीत वारा कुठनं जातो, कुठनं निघतो, हेच बघितलं. आन् घरात..."

चहा आला. सगळे बसले. रविराजनं नेहमीप्रमाणं विचारलं, "मग काय सापडलं, ताई? आईनं केवढं वाटोळं केलं होतं?"

राजश्री काही बोलायच्या आत पोपटरावांनी कप खाली ठेवला. "तिनं काय केलं न्हाई. पत्रे मी काढले व्हते, तिनं धुवायच्या लई आधी. तिचा काय संबंध न्हाई. मी चुकीचं सांगत व्हतो." त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण ते थांबत थांबत, एकेक वाक्य सुटं करून बोलले, दोघा मुलांकडं आळीपाळीनं बघत. मग त्यांनी उंबऱ्याकडं बघितलं.

सारजाबाई तिथं उभ्या होत्या. "चहा घ्या," त्या म्हणाल्या. "निवतोय."

आणि त्या आत गेल्या. रविराज मोबाइलकडं बघत बसला, सत्यजीत उगाच बशी पुसत राहिला. राजश्रीला वाटलं, आपण हे करायला नको होतं का. मग सारजाबाई बाहेर आल्या, त्या निळं इरकल नेसून, हातात पिशवी घेऊन.

"दौंडला माझा चष्मा तयार होऊन पडलाय," त्या राजश्रीला म्हणाल्या. "पोरांना येळ न्हाई. नेतीस का?"

पोपटरावांनी उठून दार उघडून धरलं. सीट फार खाली होतं. त्यांनी पत्नीला दंडाला धरून आत बसवलं, पदर दारात सापडेल म्हणून तो आत सारला आणि दार हलक्या हातानं लावलं.

हमरस्त्यानं पाटसपर्यंत सारजाबाई समोर बघत बसल्या होत्या. पाटसला वळल्यावर त्यांनी काच खाली करायची कळ कुठं आहे ते विचारलं आणि स्वतःच फिरवून काच उतरवली.

"त्या दिवशी न्हावऱ्याला," त्या मध्येच म्हणाल्या, "मला एका बाईनं गूळ-पाणी दिलं. नाव बी इचारलं न्हाई मी तिचं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तू बाकी नीट चालवतीस."

राजश्रीला गाडी शिकवणाऱ्या आण्णांनीही हे कधी म्हटलं नव्हतं. ती नुसती हसली.

दौंडात चष्म्याच्या दुकानासमोर गाडी थांबली तशी रिक्षावाले, कॉलेजची पोरं, भाजी घेऊन निघालेले लोक भोवती जमले. एकानं पुढचं झाकण उघडायला सांगितलं आणि आत रिकामी जागा आणि जादा चाक बघून गोंधळला. "इंजिनच न्हाई की ह्यात."

"मागं हाय," सारजाबाई उतरता उतरता म्हणाल्या. "हात नका लावू, तापलं असंल." आणि पिशवी सावरत त्या दुकानाच्या पायऱ्या चढायला लागल्या.